कॉर्पस क्रिस्टी आणि आपली घरी बसलेली म्हातारी माणसं

थोडं मोठं लिहून राहिली आहे, पण पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या समितीच्या, मंडळींनी वाचावंच असं वाटतं म्हणून इथे टाकते.

कॉर्पस क्रिस्टी, म्हणजे येशूच्या शरीराचा आणि रक्ताचा सण, आपल्या नागपुरात नेहमीच्या रविवारसारखा निघून जातो याचं मला फार वाईट वाटतं. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. तारीख ईस्टरवर ठरते, २०२५ ला २२ जूनला होता, २०२६ ला ७ जून, म्हणजे एकतर ऊन भाजून काढतं नाहीतर पहिला पाऊस दणकून येतो, शाळा उघडलेल्या नसतात आणि कितीतरी घरांना कुलूप, सगळे गावी. म्हणून भारतात खूप ठिकाणी मोठी मिरवणूक नोव्हेंबरमध्ये ख्रिस्तराजाच्या सणाला काढतात, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून जूनमध्ये काहीच करायचं नाही का?

जे कॅथलिक नाहीत त्यांना थोडं सांगते. मासमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि वाइन अर्पण करतात, भाकर म्हणजे नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, आणि ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते ही आमची श्रद्धा आहे. येशूनं हे दान पवित्र गुरुवारी दिलं, पण दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे, तेव्हा आनंद करायला मन कुठे तयार असतं! बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या ज्युलियाना नावाच्या सिस्टरला वाटायचं की यासाठी वेगळा सण हवा, तिनं वर्षानुवर्षं तो ध्यास धरला, १२४६ मध्ये तिथल्या बिशपनी तो आपल्या भागापुरता सुरू केला आणि १२६४ मध्ये पोप अर्बन चौथे यांनी सगळ्या चर्चला दिला. तिचं निधन १२५८ चं, म्हणजे हे बघायला ती नव्हतीच.

मिरवणूक काय असते हे मारबत आणि रामनवमीची शोभायात्रा बघणाऱ्या नागपूरकरांना सांगायला नको. आमच्या मिरवणुकीत पुढे फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे ही पवित्र भाकर पहिल्यांदा घेतलेली, पोरं पांढऱ्या कपड्यांत, हातात पाकळ्यांच्या टोपल्या, मग धूप, मग चौघांनी धरलेलं छत्र आणि त्याखाली फादर. फादरच्या खांद्यावरून आलेल्या वस्त्रातच त्यांचे हात गुंडाळलेले असतात, मॉन्स्ट्रन्सला, म्हणजे ती पवित्र भाकर सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेल्या पात्राला, उघडा हात लावत नाहीत, आणि छोटी घंटा वाजली की लोक धुळीतच गुडघे टेकतात. कोणी मल्याळी, कोणी तमिळ, कोणी गोव्याचे, कोणी आमच्यासारखे मराठी, गाणी वेगवेगळ्या भाषांत, पण गुडघे सगळ्यांचे एकदमच टेकतात.

या सगळ्यात आपली म्हातारी माणसं कुठे असतात? जे जिना उतरू शकत नाहीत, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर दुबईला. मिरवणूक म्हणजे देव चर्चच्या बाहेर निघतो ना, मग त्यानं पहिले त्यांच्याच दारात जायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या शेजारी एक आंटी आहेत, नाव सांगत नाही. त्यांच्याकडे कम्युनियन येणार असलं की त्या सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून बसतात, टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती, भांड्यात पाणी. गिळायला त्रास होतो म्हणून होस्टचा, म्हणजे त्या पवित्र भाकरीचा, अगदी नखाएवढा तुकडा मोडून देतात आणि वरून चमचाभर पाणी. नंतर त्या कितीतरी वेळ डोळे मिटून बसतात, मग विचारतात, चर्चमध्ये आज कोणकोण आलं होतं गं? तो प्रश्न ऐकला की माझ्या पोटात कालवतं बापा.

तर माझं म्हणणं एवढंच की कॉर्पस क्रिस्टीला सकाळच्या मासनंतर फादर आणि कम्युनियन देणाऱ्या मिनिस्टर्सनी (त्यासाठी नेमलेल्या माणसांनी) सरळ घराघरांत जावं, त्याच रविवारी, ऊन चढायच्या आत. युथच्या पोरांनी गाड्यांवर न्यावं-आणावं, काहून नाही जमणार? फर्स्ट कम्युनियनची दोनचार लेकरं सोबत न्या, बर्डीच्या फुलबाजारातून थोडी फुलं आणा, दारात पाकळ्या टाकू द्या त्यांना. संध्याकाळी कंपाउंडमध्ये तासभर अडोरेशन (पवित्र भाकरीसमोर प्रार्थना) आणि बेनेडिक्शन (तिच्यानं दिलेला आशीर्वाद) ठेवा, पाऊस आला तर आत. याला ना मांडव लागत ना मोठा खर्च.

घरी कोण कोण आहे याची यादी मात्र आतापासून करावी लागेल. आमच्या गल्लीतली नावं मी या रविवारी चर्चच्या ऑफिसात देते, तुम्ही तुमच्या भागातली द्या, इथे कमेंटमध्ये लिहू नका, त्यांना आधी विचारा आणि मग द्या.