‘मीटिंग मध्येच बंद केली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की लॉकडाऊनमधल्या आमच्या कौटुंबिक वादातल्या ऑनलाइन मध्यस्थीत तुमचा वेळ आणि पैसा वाया गेला. मध्यस्थांनी मोबाइल फिरवून खोली दाखवायला लावली, मीटिंग मध्येच बंद केली, पत्नीशी वेगळं बोलून ती काय म्हणाली ते सांगितलं नाही, वकिलांनी मागूनही बैठकीच्या नोंदी दिल्या नाहीत. समोरासमोर बसलो असतो तर एका दिवसात मिटलं असतं, असंही म्हटलंय.

मी या मध्यस्थी केंद्राची संचालिका. तुमच्या प्रकरणाबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. आमची पद्धत काय आणि ती तशी का, तेवढं सांगते.

खोली आम्ही दोन्ही बाजूंना दाखवायला सांगतो, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला. ऑफिसात दार लावलं की आत कोण आहे ते कळतं; मोबाइलवर फक्त चेहरा दिसतो. मार्च 2020 नंतर आलेली कितीतरी जोडपी टू बीएचकेमध्ये सासू-सासरे, मुलं यांच्यासकट अडकलेली होती. एक जण हॉलमधून जॉइन व्हायचा, दुसरी बेडरूममधून. कुणी गच्चीवर जायचं, कुणी पार्किंगमधल्या गाडीत काचा वर करून बसायचं. पोटगीचा आकडा ठरताना मोबाइलच्या मागून कुणी खुणा करत असेल, तर आलेला होकार त्या माणसाचाच आहे हे कसं मानायचं? शंका आली की आम्ही थांबतो, आणि थांबवलेल्या बैठकीची फी घेत नाही.

हा हट्ट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घेताना संमती हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, होईपर्यंत टिकावी लागते. दोघांपैकी कुणीही ती मध्येच काढून घेऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये सुरेष्ठा देवी प्रकरणात सांगितलंय. अर्ज केल्यावर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ व्हावी असं वाटत असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं असावं लागतं. दडपणाखाली दिलेला होकार कोर्टातल्या दुसऱ्या तारखेला फिरला, की सगळं पहिल्यापासून. त्यात वर्ष जातं, आणि भोगतात मुलं.

2017 मध्येच संथिनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी कौटुंबिक वादातल्या समेटाची बोलणी व्हिडिओवर नकोत असं म्हटलं होतं. खासगीपणा जपला जाणार नाही, ही त्यांची मोठी काळजी होती. एप्रिल 2020 मध्ये कोर्टांचं कामच व्हिडिओवर नेण्याची वेळ आली, पण म्हणून ती काळजी खोटी ठरत नाही. व्हिडिओवर जास्त जपावं लागतं.

वेळेचं म्हणाल, तर सगळ्यात जास्त वेळ मुलांच्या कलमांना लागतो, आणि तो लागायलाच हवा. तेव्हा सोसायटी बाहेरच्यांना आत सोडत नव्हती, मग भेट कुठे? एका घरात कोविड निघाला तर मूल कुणाकडे? शाळा मोबाइलवर होती, तर बाबांचा व्हिडिओ कॉल कुणाच्या फोनवर आणि किती वाजता? ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्येच यशिता साहू प्रकरणात म्हटलंय. ते कागदावर नीट उतरवलं नाही तर रोज संध्याकाळी भांडण ठरलेलं. एका दिवसात हे होत नाही, समोरासमोर बसूनही नाही.

वेगळ्या बैठकीत एकाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळत नाही. तुमच्या बोलण्यालाही हाच नियम लागू होता. नोंदींचंही तसंच. कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीतसुद्धा मध्यस्थाने एक तर सह्या झालेला समझोता पाठवायचा, नाहीतर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच कळवायचं, असं सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या मोतीराम निकालात आहे. तुमच्या वकिलांना आम्ही लेखी कळवलंय ते याच आधारावर.

आता ऑफिस उघडलंय. दोघांची तयारी असेल तर प्रत्यक्ष बसू. मध्यस्थ बदलून हवे असतील तर तसं कळवा, तेही करू. नोंदी मात्र तेव्हाही मिळणार नाहीत.