ती चिठ्ठी हिरागानात होती

परवा ऑफिसचा कॉल आटपून दार उघडलं, तर बाहेर मुठीला पिशवी अडकवलेली. पिशवीत डबा, डब्याला टेकून बर्फाच्या दोन थैल्या, एक इवलीशी बाटली आणि चिठ्ठी. 'सोमेन आहे. थंडच खा. रस बाटलीत आहे. त्यात बुडवून खा.' अक्षर मोत्यासारखं. आणि अख्खी चिठ्ठी हिरागानात!

जपानात मोठ्या माणसाला लिहिताना कांजी वापरतात, म्हणजे ती चित्रासारखी चिनी अक्षरं, आणि मधेमधे हिरागाना, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायची सोपी अक्षरं. निव्वळ हिरागाना लिहितात बालवाडीतल्या पोरांसाठी. मी अकरा वर्षं तोक्योत आहे. जपानी भाषेची एन-टू परीक्षा पास झालोय, तीही दुसऱ्याच प्रयत्नात. घराचा करार स्वतः वाचून सही केलीय (बराचसा वाचून). आणि मला 'अ अननसाचा'!

हे सगळं सुरू झालं शनिवारी. पारा पस्तिशीच्या वर गेला की इथलं हवामान खातं त्या दिवसाला 'मोशोबी' म्हणतं. नाव ठेवल्याने उकाडा कमी होत नाही. बायको-पोरं शाळेच्या सुट्टीत सांगलीला. एसी बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. गार काहीतरी खावं म्हणून सोमेन आणले.

सोमेन म्हणजे गव्हाच्या, केसासारख्या बारीक शेवया. जाडी १.३ मिलिमीटरच्या आत. त्याहून जाड झाल्या की नाव बदलतं, हियामुगी होतात. उकळायच्या, गार करायच्या, सोया सॉसच्या पातळ रसात बुडवून ओढायच्या. एवढंच. माणूस चुकणार तरी कुठे?

मी पाकिटातल्या पाचही जुड्या टाकल्या. जुडी पन्नास ग्रॅमची, माणशी दोन पुरतात, हे मागाहून कळलं. पाण्यात मूठभर मीठ घातलं. आणि तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, शनिवारी. गॅस बंद केला, शेवया चाळणीत ओतल्या आणि वीस मिनिटं 'हाय, हाय', म्हणजे जपानीत 'हो, हो', करत बसलो. परत येऊन बघतो तर चाळणीत चाळणीच्याच आकाराचा एक पांढरा घुमट. उपडा केला तरी हलेना. वर दिवा लावला असता तर देवळाचा कळस शोभला असता.

आणि बेल वाजली.

दारात शेजारच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या कोपरापर्यंत, हातात काइरानबान. हा सोसायटीच्या सूचनांचा पुठ्ठा. शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. मी पुठ्ठा घेतला, वाकलो, आणि वाकलो हेच चुकलं. कारण माझ्या पाठीवरून त्यांना थेट ओट्यावरचा घुमट दिसला.

"आरा," आजी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आरा, आरा, आरा."

जपानी बायका नवल वाटलं की असं म्हणतात. पण मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला. माझ्या कानांनी ते शुद्ध 'अरारारा' असंच ऐकलं, आणि अर्थही तोच होता.

"सोमेन का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओमोशिरोई देसु ने." म्हणजे, मजेशीर आहे. जपानी माणूस एखाद्या गोष्टीला मजेशीर म्हणाला की ती संपली असं समजावं.

"पाण्यात काही घातलं होतं?"

"मीठ."

त्यांनी डोळे मिटले. सोमेनच्या पिठातच मीठ असतं, ओढताना वरून तेलाचा हात लावतात, म्हणून तर धुवायचं, हे त्या मिटलेल्या डोळ्यांनीच मला सांगितलं. मग 'ओजामाशिमास' म्हणत त्यांनी चपला काढल्या. 'अडथळा आणते हं' असं म्हणून घरात शिरायची इथे रीत आहे. आमच्याकडे लोक न सांगता आणतात.

पुढचा अर्धा तास मी माझ्याच स्वयंपाकघरात पंचा धरून उभा होतो. दुसरं पाकीट आजींनी फोडलं. दोन जुड्या खळखळत्या पाण्यात. दीड मिनिट, घड्याळ न बघता, ओठांतल्या ओठांत मोजून. फेस वर आला तशी आच कमी. मग चाळणी नळाखाली, आणि दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात. अहो, शेवया! आई शाळेचा गणवेश चोळायची तसं. पाणी गढूळ, मग पांढुरकं, मग नितळ. "हे तेल गेलं. हे पीठ गेलं," असं पुटपुटत. शेवटी बर्फाच्या पाण्यात बुचकळून एकेका घासाची वेटोळी ताटात मांडली. वेणी घालावी तशी. सुंदर दिसत होतं, काय खोटं बोलू.

मग त्यांनी माझा रस हुंगला.

"कात्सुओ नाही?"

कात्सुओ म्हणजे मासा, कात्सुओबुशी म्हणजे तो वाळवून किसलेला. इथे तो आपल्या हिंगासारखा सगळ्यात असतो, फरक इतकाच की हिंग पोहत नव्हता. मी म्हटलं, मी मांस खात नाही.

"मांस नाहीच. मासा आहे."

"मासाही नाही खात."

"मासा नाही हो, नुसता त्याचा अर्क. पाणीच ते."

हा संवाद मी अकरा वर्षं करतोय. हॉटेलात करतो, ऑफिसच्या पार्टीत करतो, एकदा दवाखान्यात सलाईन लावलेलं असतानाही केलाय. प्रत्येक वेळी पाणीच असतं ते. मी सांगितलं, माझा रस कोंबूचा आहे. समुद्री शेवाळाची पट्टी आणि वाळलेले शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवून, वर सोया सॉस आणि मिरिन. (मिरिन ही तांदळाची गोड दारू. आईला सांगू नका.)

आजींचा चेहरा उजळला. "म्हणजे शोजिन! देवळातलं जेवण! तुम्ही भिक्षू आहात का?"

"नाही. बायको माहेरी गेलीय."

त्यांनी यावर गंभीरपणे मान डोलावली. बराच वेळ. मग विचारलं, "कधी येणार?"

"एकतीस ऑगस्टला."

"तोवर सहन करा," आजी म्हणाल्या, आणि जाता जाता, "चॉपस्टिक्स छान धरता हो."

हे शेवटचं मला झोंबलं. अकरा वर्षं! कुणी सांगलीत अकरा वर्षं काढलेल्या जपान्याला 'वा, हाताने छान खाता' म्हणेल का? म्हणेल. आम्हीही म्हणू. तरी झोंबलं.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवलं. "शेवयाच की त्या," ती म्हणाली. "आणि धुतात?" मी तिला सांगितलं, नारा जिल्ह्यात मिवा नावाचं गाव आहे, तिथे कडाक्याच्या थंडीत सोमेन हाताने ओढून काठ्यांवर वाळवतात. "थंडीत? वाळतील कशा?" वर्षभर मुरवलेल्या सोमेनला 'हिने' म्हणतात आणि त्या जास्त भारी, हे मात्र तिला लगेच पटलं. "जुना तांदूळ तो जुनाच," म्हणाली. मावशीचा शेवयांचा पाट, गच्चीवरची बाज, राखणीला मी आणि एक काठी, असं सगळं मग निघालं. कावळ्यांपेक्षा कच्च्या शेवया मीच जास्त खाल्ल्या, हा तीस वर्षांपूर्वीचा आरोपही निघाला.

आणि आता हा डबा. शेवयांची वेटोळी देखणी. बाटलीतल्या रसाला घमघमीत कात्सुओ. सगळं सांगून, देऊळ, भिक्षू, मान डोलावणं, सगळं होऊन कात्सुओ! की विसरल्या? की 'पाणीच ते'? शेवया माझ्या रसात बुडवून खाल्ल्या. चांगल्या होत्या, याचाच राग आला.

रिकामा डबा परत द्यायचा नाही हे आईने शिकवलंय, आणि इथेही तीच रीत. सांगलीहून आणलेल्या हातशेवया होत्या. खीर केली, फ्रिजमध्ये गार केली. आणि सोबत चिठ्ठी. कांजीत. फोनवर शोधून शोधून जाडजूड अक्षरं काढली. एकेक पंधरा-सतरा रेघांचं. एक तास लागला. आता बघू म्हटलं, अननस कोणाचा.

आजींनी दोन्ही हातांनी चिठ्ठी घेतली, लांब धरली, जवळ धरली. "चष्मा आत राहिला. तुम्हीच वाचून दाखवता?"

पहिली ओळ गेली. दुसरीच्या मध्यावर मी अडकलो. माझंच अक्षर, काल रात्रीच लिहिलेलं. घाम फुटला. आजींनी चष्म्याविना मान किंचित पुढे केली आणि हळूच, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "क्यो... शु... कु."

क्योशुकु. संकोचाने अंग आक्रसणं.

"क्योशुकु," मी म्हटलं.

"छान." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. दुधातल्या शेवयांकडे बराच वेळ पाहिलं.

"आरा," त्या म्हणाल्या. "या धुतल्या होत्या ना?"