लाईट कोण बंद करणार, तुझा बाप?

हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारण्याआधी एकदा खात्री करून घ्या की तो बाप तुम्हीच नाही ना. असाल तर उत्तर 'होय' असंच आहे आणि पोरांना ते केव्हापासूनच माहीत आहे, म्हणून तर मोबाईलमधनं मान वर न काढता नुसतं 'हां हां' म्हणतात. तरी विचारायचं सोडू नका. विचारत विचारतच उठायचं, गुडघ्यावर हात टेकून 'आई गं' जरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, आणि बाथरूमचा लाईट आपणच बंद करून यायचा. बेळगावात अनगोळपासून शहापूरपर्यंत घरोघरी ही पद्धत चालत आल्या, आपण काय वेगळं करणार.

तुम्ही म्हणाल आता कशाला एवढी कटकट, 2023 च्या जुलैपासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आहे की, महिन्याला 200 युनिट वीज फुकट. तुमच्या पोरांनीपण एवढंच ऐकलंय. पण पुढचं कोण ऐकणार, की प्रत्येक घराला 200 मिळत नाहीत, 2022-23 सालात तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता ते बघून त्यावर 10 टक्के जादा धरून तुमचा कोटा ठरला. म्हंजे आता नीट बघा. त्या सालात तुम्ही घरभर फिरून बटणं बंद केलात, फ्रीज उघडा ठेवला म्हणून ओरडलात, पोरांना एका खोलीत अभ्यासाला बसवलात आणि सरासरी 70 वर आणलात, तर तुम्हाला 77 युनिट फुकट. शेजारचे गीझर चालू ठेवून देवळात जायचे, गेटवरचा लाईट दुपारी बारालापण चालू, त्यांची सरासरी 180, त्यांना 198 फुकट. तेव्हा पहिला सल्ला असा की काटकसर करायचीच असेल तर सरासरी काढायचं साल सोडून करा. ते साल आधी कसं कळणार हे मात्र विचारू नका.

आता त्या 77 च्या वर गेलात की वरच्या युनिटचे पैसे, आणि 200 च्या वर गेलात की सगळं बिल तुमच्या बोडक्यावर. ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगायला एक मीटिंग घ्या. मीटिंगला सगळे लाईट चालू असतील, तिकडे लक्ष देऊ नका. बिल दाखवा. बिलावरची बरीचशी अक्षरं कन्नड, ती घरात फक्त मुलीला येतात कारण तिला शाळेत कन्नड आहे, तेव्हा वाचायला तिलाच द्यायचं. आणि बाहेरच्या खोलीतला फॅन चालू ठेवून मैत्रिणीकडे जाणारी तीच. ती बिलावरनं एकदा नजर फिरवते आणि गंभीर तोंड करून सांगते, "बाबा, यात लिहिलंय फॅनचं काय नाही, तुमच्या टीव्हीचंच जास्त आहे." तुम्ही तो कागद उलटसुलट करून बघता. बघा, बघायला काय पैसे पडत नाहीत.

हिशोबाच्या नादाला मात्र लागू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय. 9 वॅटचा एलईडी बल्ब एक युनिट खायला 111 तास घेतो. बाथरूमचा बल्ब रोज रात्रभर, म्हंजे आठ तास चालू राहिला तर महिन्याला साधारण दोन युनिट. आणि 2000 वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट उडवतो, म्हंजे तुम्ही महिनाभर रात्री उठून जे वाचवलात ते तासाभराच्या गीझरात गेलं. आणि सकाळी सगळ्यात जास्त वेळ कढत पाणी घेणारे कोण ते घरात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा हा विषय पोरांसमोर काढायचा नाही. बल्बवरच बोलत राहा. बल्ब दिसतो, गीझर दिसत नाही, आणि ओरडायला दिसणारी वस्तू लागते.

आज्जीला यात ओढू नका. तिन्हीसांजेला घरात अंधार नको, लक्ष्मी यायची वेळ, असं म्हणून ती पुढच्या दारापासून परसापर्यंत एकेक बटण दाबत जाते. तुम्ही मागनं एकेक बंद करत निघालात तर ती काय बोलणार नाही, फक्त शेजारच्या काकूंना सांगेल की आमच्यात आता संध्याकाळचं अंधारातच बसूलालोय. गल्लीत ही बातमी पोचायला लाईट लागत नाही.

पावसाळ्यात तर सरळ हात टेका. जून-जुलैत इथला पाऊस एकदा लागला की दांडीवरची जीन्स चार दिवस वाळत नाही, मग ती बेडरूममध्ये दोरीवर आणि खाली खुर्चीवर टेबल फॅन, वर सीलिंग फॅन, रात्रभर. माणसं एका फॅनात झोपतात, कपड्यांना दोन. हे बंद करायला गेलात तर सकाळी कुबट वासाचा शर्ट घालून ऑफिसला तुम्हालाच जायचंय.

कुणीतरी सुचवेल की बटणांवर नावं लिहून चिकटवा. जरूर चिकटवा. आपल्याकडच्या बोर्डावर दहा बटणं, त्यातली दोन कशाची ते वायरिंग करणाऱ्यालापण आठवत नाही, म्हणून एक लाईट लावायला सगळी दाबून बघायची आणि सापडला की बाकीची तशीच सोडून जायची अशी रीत. नावं लिहिलात की नेमकं काय होतं सांगतो, घरातला एखादा आज्ञाधारक (बहुतेक जावई, दोन दिवसांसाठी आलेला) जाता जाता सगळी बटणं खाली करतो, त्यात लाल टेप लावलेलं मोटारीचं बटणपण येतं. नळाला पाणी असताना टाकी भरायची राहिली की मग पुढचे दोन दिवस लाईट चालू आहे का बंद याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

आणि शेवटी पाहुणे. आपले निम्मे पाहुणे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडचे, म्हंजे गृहज्योतीच्या हद्दीबाहेरचे. ते आले की आधी मोबाईल चार्जिंगला, मग कपड्यांना इस्त्री, मग मावशीचे यजमान टॉवेल खांद्यावर टाकून विचारतात, गीझर चालू आहे नव्हे? तुम्ही चालू आहे की म्हणता. तुमचे 77 त्यांना कुठं सांगत बसणार, मागच्या दिवाळीत तुम्हीच तर त्यांना 'आमच्याकडं लाईट फुकट' म्हणून ऐकवलं होतात. "तुमचं बरं हाय बाबा," म्हणत ते आत जातात, नळ सोडतात, आणि बाहेरच्या खोलीतला फॅन, ट्यूब, टीव्ही सगळं चालूच. बंद करायला उठू नका. यजमानानं पाहुण्याच्या मागनं बटणं दाबत फिरणं बरं दिसत नाही.