डीएमझेड चालू करू नका! ‘पाच हजारांत घरचा क्लाउड’ या फॉरवर्डला उत्तर

‘पाच हजारांत घरचा क्लाउड आणि घरभर वायफाय’ असा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे पोचला आणि काकांनी माळ्यावरचा विंडोज 7चा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यांच्याकडे नातवंडांचे फोटो आहेत. शिवाय काकांनी वर्षानुवर्षं आकाशवाणीवरून टेप केलेल्या आणि नंतर एकेक कॅसेट लावून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या मैफली आहेत. त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. म्हणून ‘सोडून दे, फॉरवर्डच आहे’ असं म्हणून मला गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. राउटरच्या मागे ॲल्युमिनियम फॉइल लावा, रेंज दुप्पट होईल. जिथे वायफाय येत नाही तिथल्या सॉकेटमध्ये रिपीटर खोचा. जुन्या कॉम्प्युटरला दोन हार्डडिस्क लावून फाइल सर्व्हर करा. तो बाहेरगावाहूनही दिसावा म्हणून राउटरमध्ये डीएमझेड नावाची सेटिंग चालू करा, आणि घरच्यांना कटकट नको म्हणून पासवर्ड ठेवू नका. दोन डिस्कवर सारखाच डेटा असल्याने आता गूगल फोटोज आणि फोनमधल्या कॉप्या पुसून टाका, पैसे वाचतील.

आधी डीएमझेड, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे जातील, याने सगळंच जाईल.

घरचा राउटर न सांगता एक काम करत असतो. आपण मागवलं नसेल असं काही बाहेरून आलं, तर ते आत सोडत नाही. डीएमझेडमध्ये एखाद्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला की बाहेरून येणारं सगळं, कुठल्याही पोर्टवरचं (म्हणजे कुठल्याही दारातून आलेलं), थेट त्या मशीनवर येऊन धडकतं. आणि येणारं थांबत नाही. इंटरनेटवरचे पत्ते ओळीने तपासत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. 2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. विंडोज 7चा नेहमीचा सपोर्ट तर जानेवारी 2020मध्येच संपला. असं मशीन, बिनपासवर्डचं शेअर आणि वर डीएमझेड. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने हे तिन्ही एकत्र लिहिण्याआधी क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

“अरे, पण आमच्या फोटोंत कुणाला काय रस?” मावशीचा प्रश्न. कुणालाच नाही. फोटो बघायला कुणी येतच नाही. जून 2021मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती नेटवर्क डिस्क जगभरात अचानक रिकाम्या झाल्या. बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रीसेटची आज्ञा दिली आणि लोकांचा आयुष्यभराचा डेटा पुसला गेला. कंपनीने लॉग तपासून सांगितलं की या डिस्क इंटरनेटवरून थेट पोचता येतील अशा उघड्या होत्या. कुणी थेट जोडलेल्या, कुणी स्वतः पोर्ट उघडलेलं, तर कुणाच्या राउटरने यूपीएनपी या आपोआप पोर्ट उघडणाऱ्या सोयीतून परस्पर उघडलेलं. त्या मॉडेलची अपडेट 2015पासून बंद होती. हे सगळे तुमच्याआमच्यासारखे घरगुती वापरणारे. डिस्कही नामांकित कंपनीची, पण उघडी ठेवल्यावर नाव कामाला आलं नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनवर सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरचा एकच आयपी अनेक घरांत वाटलेला. तिथे डीएमझेड लावूनही बाहेरून काही दिसत नाही. मग माणूस ‘चालत का नाही’ म्हणून स्टॅटिक, म्हणजे फक्त आपल्या घराच्या आयपीचे जादा पैसे भरतो आणि स्वतःच्या खर्चाने उघड्यावर येतो. बाहेरून फाइली हव्याच असतील तर आपल्याच उपकरणांना खाजगी वाटेने जोडणारं टेलस्केल वापरा, सीजीनॅट असलं तरी चालतं. घराला स्वतःचा पब्लिक आयपी असेल तर राउटरवर वायरगार्ड, तीही तशीच खाजगी वाट. एकही फाइल शेअर इंटरनेटवर उघडावं लागत नाही.

आता ‘दोन डिस्क म्हणजे बॅकअप’. नाही. मिररिंग (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) एका डिस्कचं मोटर किंवा हेड गेलं तर वाचवतं, एवढंच. नातवाने चुकून फोल्डर पुसलं की ते दोन्हीकडून पुसलं जातं, रॅन्समवेअरने फाइली बिघडवल्या की दोन्हीकडे बिघडतात. आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच घरात. 25 जुलै 2024ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजल्यांवर काय झालं ते मावशीने जवळून पाहिलंय. सप्टेंबर 2019ला आंबील ओढ्याकाठीही तेच. पाणी मिरर केलेली डिस्क वेगळी काढत नाही. तिसरी कॉपी बाहेर हवी: क्लाउडवर, नाहीतर एका साध्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती नातेवाइकांकडे ठेवलेली. ती होईपर्यंत फोनमधलं काही पुसू नका.

फॉइलबद्दल एक कबूल करावं लागतं, अगदीच थाप नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 2017मध्ये असे परावर्तक खरोखर तपासले आणि धातूचा थर दिलेला परावर्तक नीट आकार देऊन लावला तर सिग्नल हव्या त्या दिशेला वळतो हे दाखवलं. पण त्यांनी आकार घराच्या नकाशावरून काढला होता. फॉइल लावून ताकद वाढत नाही, एका खोलीचा सिग्नल काढून दुसरीला मिळतो. ‘दुप्पट’ कुठून आलं, मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

रिपीटर तर जिथे सिग्नल मेलाय तिथेच लावायला सांगितलाय! त्याला स्वतःलाच काही मिळालं नाही तर तो पुढे काय देणार? आणि साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. पुण्यातल्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने ओतलेल्या सबंध काँक्रीटच्या भिंती, पेठांतल्या वाड्यांच्या हातभर जाड. दोन्हीकडे 5 गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींत दम टाकतं. उपाय जुनाच आहे: दुसऱ्या टोकापर्यंत एक कॅट 6 नेटवर्क केबल ओढा आणि तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, बसवा.

केबल ओढताना उभं राहून बघा. मावशीकडे आलेल्या मुलाने आठ तारांपैकी चारच प्लगमध्ये घातल्या, बाकीच्या कापून टाकल्या. दिवा लागला, नेट चाललं, तो पैसे घेऊन गेला. गिगाबिटला आठही तारा लागतात. चार तारांवर जोडणी 100 एमबीपीएसवर अडकते. काकांच्या 200 जीबीच्या मैफली कॉपी करायला अर्ध्या तासाऐवजी पाच तास लागले असते. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये ‘स्पीड’ दिसतो. तिथे 1.0 जीबीपीएस दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. केबल तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात मिळते आणि वळवली की तुटते.

जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करण्याबद्दल माझी तक्रार नाही, विंडोज 7 काढून लिनक्स टाकलं तर.

ज्यांनी मेसेज वाचून डीएमझेड लावलाय त्यांनी आजच राउटरच्या पानावर जाऊन तो आणि यूपीएनपी बंद करावं, राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलावा, शेअरला पासवर्ड लावावा. फाइलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरं दिसत असतील तर नेटची वायर काढा, डिस्क फॉरमॅट करू नका आणि जाणकाराला दाखवेपर्यंत त्या कॉम्प्युटरला बॅकअपची डिस्क जोडू नका.