"घरात कोणाला काही?" "नाही."

आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या धंद्यात सगळ्यात जास्त उरकाउरकी कुठे होत असेल तर ती फॅमिली हिस्ट्री घेताना, असं माझं स्पष्ट मत आहे. "घरात कोणाला बीपी, शुगर, हार्ट?" एका दमात विचारायचं. पेशंट "नाही" म्हणतो. केस पेपरवर रेघ मारायची आणि पुढचं बोलायचं. मग ती रेघ वर्षानुवर्षं तशीच. मधल्या काळात पेशंटच्या भावाची बायपास होते, वडिलांना काचबिंदू निघतो, पण कागदावर अख्खं घर ठणठणीत.

ही नुसती माझी कुरकुर नाही. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १३८ फॅमिली डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळी निरीक्षक बसवून हे मोजलं गेलं होतं, २००० साली तो अभ्यास छापून आला. नव्या पेशंटच्या ५१ टक्के भेटींत कुटुंबातल्या आजारांचा विषय निघाला, जुन्या पेशंटच्या फक्त २२ टक्के. आणि निघाला तरी सरासरी अडीच मिनिटांच्या आत संपला. वेळ मिळत नाही ही आमची तक्रार खरी आहे, पण त्या अडीच मिनिटांत काय विचारायचं हे तर आपल्या हातात असतं ना?

माझ्या मते पहिला मान वयाचा. "वडील हार्टने गेले" एवढ्याने माझं काहीच भागत नाही. ७८ व्या वर्षी गेले असतील तर मुलाच्या बाबतीत मी फारसं काही वेगळं करणार नाही. पण वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर समोरच्याचं कोलेस्टेरॉल लवकर बघायचं, बीपीला ढिलाई द्यायची नाही, गोळी सुरू करण्याचा विचारही आधी करायचा. लोकांना वय आठवत नाही. "तसे तरुणच होते हो" म्हणतात. अशा वेळी मी विचारतो, "तुम्ही तेव्हा कितवीत होता?" ते मात्र पक्कं आठवतं. "नववीत. सहामाही चालू होती." मग वडिलांचं वय दोघं मिळून काढतो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर थेट वजाबाकीच आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत निदान झालं असेल, तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) चाळिशीला किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. आईला ४६ व्या वर्षी निघाला तर मुलीची तपासणी ३६ व्या वर्षी. "पोटाचं काहीतरी झालं होतं" एवढंच माहीत असेल तर वजाबाकी कशातून करणार?

दुसरी हमखास गफलत वडिलांकडच्या नात्यांची. स्तनाच्या कॅन्सरबद्दल विचारलं की बायका आई आणि मावशीचं सांगतात. आत्या कोणाच्या लक्षातच येत नाही. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. वडील स्वतः ठणठणीत असतात आणि दोष मुलीकडे जातो. आत्याला अंडाशयाचा कॅन्सर आणि आजीला, वडिलांच्या आईला, कमी वयात स्तनाचा, हे दोन वेगळे आजार म्हणून दोन ओळींत लिहिले तर कोणाचं लक्ष जाणार नाही. तेच चित्र काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आतून काळा, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ. तीन पिढ्या कागदाच्या पाठीवर सहज मावतात आणि एकाच बाजूला साचलेला काळा रंग लगेच डोळ्यांत भरतो. एवढं साधं हत्यार असताना आम्ही कॉम्प्युटरवर हो-नाहीच्या चौकटीत टिकमार्क करत बसतो. त्यात "माहीत नाही" ही चौकटही बहुतेक वेळा नसते. दत्तक गेलेल्या किंवा लहानपणीच वडील दुरावलेल्या माणसाची हिस्ट्री "नाही" अशी नोंदवणं म्हणजे चक्क खोटी नोंद.

आता उलट बाजू. हिस्ट्री स्वच्छ निघाली म्हणून सुटलात, असं नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुसंख्य बायकांच्या घरात तो आधी कोणालाच झालेला नसतो. ज्या तपासण्या सगळ्यांनी करायच्या, त्या करायच्याच.

मला खरं अडचणीत टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. साधारण २५० माणसांत एकाला जन्मतःच कोलेस्टेरॉल चढं ठेवणारा आनुवंशिक दोष असतो. तो एकाला सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे निदान एकाचं, पण तपासायला हवं अख्खं घर. आता बहिणीत तो सापडला आणि भाऊही माझाच पेशंट आहे, पण दोघांचं बोलणं बंद आहे. तिच्या फाईलमधली गोष्ट मी त्याला सांगू शकत नाही. ती तिची आहे. मी तिला पुन्हा पुन्हा विनवतो, चिठ्ठी लिहून देतो: "नाव नका घालू हवं तर, फक्त लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घे एवढं कळवा." बहुतेक जण कळवतात. काही नाही कळवत. भाऊ सर्दीसाठी आला की मी त्याला प्रत्येकाला विचारतो तेच विचारतो, "गेल्या वर्षभरात घरात कोणाला नवीन काही निघालं?" आणि कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं तेही, कारण ते मी त्याच्या वयाच्या सगळ्यांनाच विचारतो. याहून पुढे जाण्याचा सरळ रस्ता मला तरी दिसलेला नाही. सहकारी डॉक्टरांपैकी कोणी अशा वेळी वेगळं काही करत असेल तर खाली जरूर लिहा.

आणि बाकीच्यांनी पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एवढं विचारून या: कोणाला, नेमकं काय, कितव्या वर्षी, आईकडून की वडिलांकडून. भूल दिल्यावर कोणाला जिवावर बेतलं होतं का आणि चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं होतं का, हेही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.