एकच घे रे, एकाने काय होतंय!

ऑफिसच्या पार्टीचं निमंत्रण आलं की 'उपस्थिती ऐच्छिक' ही ओळ वाचून हुरळून जाऊ नका. ऐच्छिक कार्यक्रमाला कोण आलं नव्हतं, हे एचआरला तोंडपाठ असतं. दिवसभर पाहिलेले चेहरेच रात्री मंद उजेडात पुन्हा पाहायचे, याला संघभावना म्हणतात. ओव्हरटाइम म्हणत नाहीत, त्याचे पैसे द्यावे लागतात.

आत गेल्यावर रिकाम्या हाताने उभं राहू नका. एरवी साधी फाइल पुढे न सरकवणारा सहकारी तुमच्यासाठी रांगेत उभा राहून ग्लास भरून आणेल. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय, तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, वगैरे तिथे बोलू नका. तुमचं अप्रायजल संघटना करत नाही.

नकार द्यायचाच असेल तर कारण तयार ठेवा. पिणाऱ्याला कुणी 'का पितोस' विचारत नाही. पुरावे न पिणाऱ्याने द्यायचे असतात. 'आवडत नाही' हा उद्धटपणा. 'गाडी चालवायचीय' म्हणालात की लगेच कॅब बुक होते. 'अँटिबायोटिक चालू आहे' हे उत्तम, पण पाच दिवसांचा कोर्स तीन पार्ट्यांना पुरवलात तर लोक डॉक्टर बदलायला सांगतील. बाई असाल आणि नुसतं पाणी घेतलंत, तर 'गोड बातमी का?' ही कुजबुज तुमच्याआधी टेबलावर पोहोचते. (घेतलीत तर वेगळी कुजबुज. तीही तयारच असते.)

त्यापेक्षा सोडा, बर्फ, लिंबाची फोड. ग्लास भारदस्त दिसतो, चौकशी थांबते. साहेबांनी तिसऱ्या पेगला सांगितलेला विनोद पाचव्यालाही तेवढंच जोरात हसून ऐका. तो तुम्हाला आठवतो, हा शुद्धीत राहण्याचा तोटा.

फ्रान्समध्ये एकाने कंपनीच्या असल्या 'धमाल' संस्कृतीत सामील व्हायला नकार दिला आणि २०१५ मध्ये नोकरी गमावली. हा नकार त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतो, असं तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य केलं. सात वर्षं थांबायची तयारी असेल तर तुम्हीही खुशाल नाही म्हणा.

नसेल, तर ग्रुप फोटो होईपर्यंत थांबा, ग्लास नीट दिसेल असा धरा आणि मग हळूच सटका. सोमवारी कुणी 'तू कधी निघालास?' विचारलंच तर 'तुझ्यानंतर' म्हणा. तो कधी निघाला, हे त्याला आठवत नसतं.