रबराचा हिशेब

पुण्यात साध्या गाडीवाल्याला 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारतात. तीनशे-साडेतीनशे अश्वशक्तीची सेडान असली की प्रश्न बदलतो: 'टायर किती चालतात?' विचारणाऱ्याला उत्तराशी फारसं देणंघेणं नसतं. गाडी घेतली खरी, पण ती पोसताना मालकाच्या नाकीनऊ येतायत ना, एवढी खात्री करून घ्यायची असते. 'वीस हजार' असं उत्तर आलं की तो निरागसपणे विचारतो, 'किलोमीटर की रुपये?' दोन्ही बरोबर असतं, हेच तर दुखणं आहे.

तेव्हा एकदाच नीट सांगून ठेवतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या सेडानचे मागचे टायर साधारण १५ ते २० हजार किलोमीटर जातात, पुढचे २५ ते ३०. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर हिशेब उलटा. तिथे पुढचे आधी संपतात, कारण ओढणं, वळणं आणि बरंचसं थांबणं ही तिन्ही कामं त्यांच्याच गळ्यात. पाय जड असेल तर १०-१२ हजारांतही रामनाम सत्य होतं. मामांच्या हॅचबॅकचे टायर साठ हजार चालले हे खरं असेल, पण मामांनी ती गाडी कधी ऐंशीच्या वर नेली नाही आणि तिचा टायर कडक रबराचा होता. कडक रबर झिजत नाही आणि फारसं धरतही नाही. मऊ रबर रस्त्याला धरतं आणि धरता धरता रस्त्यावरच राहतं. पकड आणि आयुष्य दोन्ही एकदम मागणं म्हणजे एकाच ताटात उपास आणि बिर्याणी मागणं.

हा मऊपणा मोजायला एक आकडा आहे. अनेक टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असं लिहून पुढे संख्या असते. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या पळवून, प्रमाण टायरला १०० धरून तुलनेने हा आकडा काढतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसला ३०० आहे, ट्रॅककडे झुकलेल्या पायलट स्पोर्ट कप २ला १८०, आणि निवांत टूरिंग टायरला ५०० किंवा त्याहूनही जास्त. गंमत म्हणजे अंतिम आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच स्वतःला देते. दहावीच्या बोर्डात अशी सोय असती तर सदाशिव पेठेत नापास हा शब्दच उरला नसता. त्यामुळे एका कंपनीचे दोन टायर एकमेकांशी ताडायला हा आकडा बरा, दोन कंपन्यांमध्ये न्यायनिवाडा करायला नाही.

पण टायर झिजून मरणं हे त्याच्या नशिबातलं सभ्य मरण. पुण्यात ते सगळ्यांना लाभत नाही.

२२५/४५ आर१८ या मापाचा अर्थ असा की टायर २२५ मिमी रुंद, आणि त्याच्या बाजूची भिंत त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिमी; आर१८ म्हणजे आतलं चाक १८ इंची. साध्या सेडानच्या १८५/६५ आर१५ला हीच भिंत १२० मिमी असते. हौसेने १९ इंची अलॉय घालून २५५/३५वर गेलात तर ८९. आता खड्ड्याची कड आणि अलॉयची कड यांच्यामध्ये एवढंच रबर आणि हवा. खड्ड्यात चाक वेगात आपटलं की भिंत दोन कडांमध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. दोन दिवसांनी टायरवाला बोट लावून सांगतो, 'काका, फुगा आलाय.' फुगा आलेल्या टायरला उपाय नाही. पॅच नाही, सोल्यूशन नाही, 'सध्या चालवा, बघू'ही नाही, कारण तिथे हवा धरून ठेवायला आता नुसतं रबर उरलंय. टायर सहा हजार किलोमीटर चाललेला असो की सहाशे.

बरं, या शहरात विद्येची कमतरता आहे म्हणावं तर तेही नाही. चाकणला मर्सिडीज तयार होतात, चाकणलाच ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना आहे, आणि गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय वेताळ टेकडीवर बसून सगळं बघते. इंडियन रोड काँग्रेसने गतिरोधकाचं मापही केव्हाच ठरवून दिलंय: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. सोसायटीच्या गेटसमोर मात्र जो असतो तो चेअरमनच्या रागाच्या मापाचा.

खड्ड्यातून वाचलेल्या टायरचा खरा वैरी चालवणाऱ्याला दिसतच नाही. तो आतल्या बाजूला असतो. वेगवान सेडानच्या चाकांना कारखान्यातूनच निगेटिव्ह कॅम्बर देतात, म्हणजे चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, वळणावर टायर पूर्ण टेकावा म्हणून. सरळ रस्त्यावर त्यामुळे आतल्या कडेवर थोडा जास्त भार येतो. तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. आभाळ कोसळतं ते टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ पुढे बघतं की तिरकं तो कोन, बिघडल्यावर. चाक जायच्या दिशेपेक्षा अर्धा अंश जरी तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर केले की टायर सव्वा किलोमीटरहून जास्त आडवा चाललेला असतो, आणि गाडीत बसलेल्याला गाणी ऐकता ऐकता याचा पत्ताही नसतो.

म्हणून टायर बघायचा तर उभ्याने बाहेरून बघू नका. बाहेरची नक्षी कायम नव्या नवरीसारखी नटलेली असते. पुढच्यासाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, उतरा आणि आतल्या कडेवर तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले, तर शॉकॲब्सॉर्बरकडे बघायची वेळ आली. मागच्या टायरसाठी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून आडवं व्हावं लागतं. वॉचमन धावत येईल, येऊ द्या. रबर संपून राखाडी कापड आणि त्याखाली चमकणारी बारीक तार दिसली, तर गाडी आहे तिथेच ठेवा. त्याच टायरची बाहेरची खाच तेव्हा चार मिमी भरत असते. या आतल्या कडेने जेवढ्यांना बनवलंय तेवढं तर बिल्डरांनीही बनवलं नसेल.

खाचेची खोली मोजायचं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं, तेवढं घ्याच. नव्या टायरची खाच साडेसात-आठ मिमी असते. १.६ मिमीला खाचांमधल्या आडव्या गाठी रबराच्या पातळीला येतात, तिथे टायर कायद्यानेही संपला. पण जून उजाडल्यावर पाणी कायदा वाचत बसत नाही. रुंद टायर पाण्यावर तरंगायला आधीच उत्सुक असतो, म्हणून मी ३ मिमीला टायर संपला असं मानतो आणि नवले पुलाच्या उतारावर मन शांत ठेवतो. दर पाच हजार किलोमीटरला आत, मध्ये, बाहेर अशी तीन मापं लिहून ठेवा. साडेसातचे पाच हजारांत ६.३ झाले, तर नव्यापासून ३ मिमीपर्यंत एकूण सुमारे १८,७५० किलोमीटर. नवा टायर सुरुवातीला जरा जास्त झिजतो, कारण नक्षीतले रबराचे उंच ठोकळे जास्त हलतात. म्हणजे हिशेब चुकलाच तर आपल्या बाजूने चुकतो. आत, मध्ये आणि बाहेर या मापांत दीड-दोन मिमीचा फरक दिसला की मात्र हिशेब सोडा आणि अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, पळा.

अलाइनमेंटचा पडदा हा ज्योतिष्याच्या पत्रिकेचा चुलत भाऊ. लाल आकडे हिरवे होताना बघून समाधान मिळतं, पण आधी आणि नंतर अशी दोन्ही पानं छापून घ्या. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) सैल असेल तर हिरवे आकडे गेटबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात पुन्हा लाल होतात. आणि चारही चाकांचं करायला सांगा. 'मागचं सेटिंग नसतं साहेब' हे स्वस्त गाडीत चालून जाईल. स्वतंत्र सस्पेन्शनच्या, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणाऱ्या, सेडानमध्ये मागचा टो बहुधा हलवता येतो आणि मागचे टायर तोच खातो.

हवेबद्दल पुण्यात मतभेद नाहीत, कारण पंपावरचा मुलगा 'किती?' विचारतो आणि प्रत्येक जण 'पस्तीस' म्हणतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड चिकटवलेला असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, भरल्या गाडीचा आणखी वेगळा. तो थंड टायरचा असतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे मे महिन्यात एक्स्प्रेसवेचं काँक्रीट तुडवून खालापूरला पोचलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. ते काढून टाकू नका. काढलेत तर सकाळी टायर उपाशी असतो, दोन्ही कडा झिजतात आणि भिंत तापते. हवा जास्त झाली की मधला पट्टा जातो. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट असतोच. उरलेल्यासाठी पैसे द्यायचे की चहा प्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

टायर फिरवत राहा, असा सल्ला सगळे देतात. पुढे २२५ आणि मागे २५५ असेल तर पुढचा मागे कसा नेणार? त्यात टायरला बाणाने दिशा दिलेली असेल तर डावा उजवीकडेही जात नाही. असा टायर एका जागी जन्मतो आणि तिथेच संपतो. चारही चाकं सारख्या मापाची असतील तर ८-१० हजारांना फिरवा. दोनच नवे घेत असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढून ओढणारी असली तरी. यावर कट्ट्यावर भांडण होईल, पण ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि आपल्याला कळतं. मागचं घसरलं तर गाडीच आपल्याकडे वळून बघते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र दोन नवे, दोन जुने करण्याआधी मॅन्युअल बघा. व्यासातला फरक गिअरबॉक्सच्या बाजूचं महाग सामान भरून काढतं.

बदलायला गेलात की पहिला अंक लॉक बोल्टच्या, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टच्या, चावीचा. ती डिकीतल्या थर्मोकोलच्या खाचेत असायला हवी आणि नसते. नाना पेठेपासून बाणेरपर्यंत कुठल्याही दुकानात निम्मा वेळ तिच्या शोधात जातो, म्हणून घरून निघतानाच खिशात घ्या. टायर हाती आला की बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. 'गोडाऊनमध्ये ठेवलेला आहे, नवाच आहे' याला दोन वर्षांपलीकडे मान डोलवू नका. सहा वर्षांनंतर तर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ अशी खूण असते. जोडीतल्या दोन्ही टायरवर ती सारखीच हवी. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू खरंच बाहेर आली का, ते गाडी रॅम्पवर असतानाच बघा. मशीनगनने घर्र करून बोल्ट आवळू देऊ नका. गाडीप्रमाणे १२० ते १४० न्यूटनमीटर लागतात, आणि त्यासाठी टॉर्क रेंच नावाची, मोजून आवळणाऱ्या पान्याची वस्तू त्याच दुकानात कपाटावर धूळ खात असते. मागितली की मालक आपल्याकडे, आपण बासुंदीत मीठ मागितल्यासारखं बघतो. तरी मागा.

नव्या टायरला साच्यातला बुळबुळीतपणा असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो पुरता धरत नाही. तेवढे दिवस पाय हलका ठेवावा लागतो. कोथरूडहून हिंजवडीला रोज जात असाल तर काळजी नको, तिथे दुसरा पर्यायच नसतो.